जुन्या गाडीचे ऑइल गळणे आणि घरी कापलेले पॅकिंग

आपल्या बेळगावात आजही अनेक घरांच्या आवारात एखादी अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी किंवा पेट्रोल जीप झाकून ठेवलेली दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली, आता मुलांच्या मनात "ठेवायची की काढायची" असा प्रश्न उभा करणारी. अशा गाड्या घराबाहेर जाण्याचे कारण बहुतेक वेळा इंजिन संपणे हे नसते. फरशीवर पडणारे काळे डाग, घरच्यांची कुरकुर आणि "याचे सामान आता मिळत नाही" हे गॅरेजमधले उत्तर, या तिन्हींचा मिळून गाडीवर निकाल लागतो.

यातली पुष्कळशी गळती घरी थांबवता येते. त्यासाठी लागणारे पॅकिंग कॉर्कच्या किंवा कागदाच्या शीटमधून हाताने कापता येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली ज्या गावात सायकलच्या दुकानाने सुरुवात केली आणि ज्या गावात उद्यमबागेसारखी वसाहत उभी राहिली, तिथल्या लोकांना हे काम अवघड वाटायचे कारण नाही. मात्र कोणते पॅकिंग घरी करायचे, कोणते विकतच आणायचे आणि कोणत्या गळतीचे मूळ पॅकिंगमध्ये नसतेच, हे आधी कळायला हवे.

गळतीकडे दुर्लक्ष का करू नये

फरशी खराब होते ही सगळ्यात लहान अडचण आहे. टॅपेट कव्हरमधून ओघळणारे ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले तर आधी धूर होतो आणि वाईट वेळ आली तर आग लागते. मागच्या बाजूने आलेले ऑइल क्लच प्लेटवर गेले तर क्लच घसरू लागतो आणि चोर्ला घाटासारख्या चढावर ते लगेच जाणवते. तिसरा धोका शांतपणे येतो. थोडे थोडे ऑइल जात राहते, पातळी बघायची राहून जाते आणि बेअरिंग कोरडे पडते. पन्नास रुपयांच्या पॅकिंगपायी क्रँक ग्राइंड करायची वेळ येते.

सरकारी बाजूही आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. खालून ऑइल ठिबकणारी गाडी तपासणीला नेली तर पहिले मत तिथेच बनते. पन्नास वर्षे ओलांडलेल्या खाजगी गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. त्यामुळे जुनी गाडी नीट ठेवण्याला आता कागदोपत्रीही अर्थ आहे.

आधी जागा शोधा

खाली थेंब पडतो तिथे गळती असतेच असे नाही. गाडी चालताना वारा ऑइलला मागे ढकलतो आणि ते वरून खाली ओघळत येते. म्हणून नियम एकच: सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा ओला भाग शोधा.

इंजिन गार असताना रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने बाहेरून स्वच्छ धुवा. नंतर ते पुसून पूर्ण वाळू द्या. रॉकेल ओले असताना इंजिन सुरू करू नका. वाळल्यावर संशयित जोडांवर घरातली साधी टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणा. पांढऱ्या पावडरीवर ऑइलची रेघ स्पष्ट उमटते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर पुढच्या चाकांची जागा खुणेने लिहून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला यावरून इंजिन, गिअरबॉक्स की क्लच हाउसिंग हे कळते. गिअरचे ऑइल जाड असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिनचे ऑइल काळपट असते. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या पाइपाखाली ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल समजा. तशी गाडी बाहेर काढू नका, थेट मेस्त्रींना दाखवा.

गाडीखाली शिरायचे असेल तर जॅकवर विसंबू नका. पक्के स्टँड लावा, चाकांना अडण लावा. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे अचानक फुटतात.

पॅकिंगच्या आधी ब्रीदर

नवे पॅकिंग घालूनही चार दिवसांत पुन्हा गळती सुरू झाली, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बऱ्याचदा दोष पॅकिंगचा नसतो. पिस्टनच्या रिंगमधून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर दिलेला असतो. अँबॅसिडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनात टॅपेट कव्हरवरून एक नळी एअर क्लीनरकडे जाते आणि बाजूच्या कव्हरवरून एक नळी खाली उतरते. या नळ्या किंवा त्यातली जाळी काजळीने बुजली की आत दाब वाढतो आणि ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो.

नळ्या काढून रॉकेलमध्ये भिजवा, तार घालून साफ करा, फुंकून बघा. मग इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगवर ऑइल भरायचे झाकण उघडा. हलकी वाफ दिसणे साधारण आहे. पण भसाभस धूर येत असेल आणि झाकण जागेवर टेकवून ठेवले तरी उडत असेल, तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. अशा इंजिनाला कितीही पॅकिंग बदलले तरी ते गळणारच. पैसे आधी तिकडे खर्च करावे लागतील.

कोणत्या जोडाला कोणते पॅकिंग

पत्र्याचे कव्हर आणि ओतीव ब्लॉक यांच्या जोडाला जाड, दबणारे पॅकिंग लागते, कारण पत्रा कधीच पूर्ण सपाट नसतो. टॅपेट कव्हर, बाजूची कव्हरे आणि चेंबर या जागी कॉर्क वापरतात. साधा कॉर्क वाळून आकसतो आणि तुटतो. त्यापेक्षा रबर मिसळलेला कॉर्क घ्यावा. टॅपेट कव्हरला साधारण 3 मिमी जाडी चालते. जुने पॅकिंग दबून पातळ झालेले असते, म्हणून त्याची जाडी मोजून तेवढीच शीट आणू नका.

मशीन केलेल्या दोन सपाट पृष्ठभागांमध्ये, उदाहरणार्थ टायमिंग कव्हर किंवा फिल्टरच्या बैठकीला, पातळ पॅकिंग पेपर लागतो. पाव ते अर्धा मिमी पुरतो. तिथे कॉर्क घातला तर तो दबत राहतो आणि बोल्ट पुन्हा पुन्हा ढिले होतात.

दोन जागी जाडीला हात लावायचा नाही. एक, ऑइल पंपाचे झाकण: तिथल्या पॅकिंगच्या जाडीवर आतल्या गिअरची फट ठरते. फट वाढली तर ऑइलचा दाब पडतो. दोन, मेकॅनिकल पेट्रोल पंपाची बैठक: जाडी बदलली की पंपाच्या दांडीचा धक्का कमी-जास्त होतो.

हेड गॅस्केट आणि एक्झॉस्टचे पॅकिंग घरी करायच्या भानगडीत पडू नये. तिथला दाब आणि उष्णता कागद-कॉर्कच्या आवाक्याबाहेरची आहे.

सायकलच्या किंवा ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून पॅकिंग कापायची पद्धत आपल्याकडे फार आहे. पाण्याच्या पंपाला ती चालते, ऑइलला चालत नाही. ट्यूबचे रबर खनिज तेल शोषून फुगते, मऊ पडते आणि बोल्टमधून बाहेर सरकते. ऑइलसाठी नायट्राइल रबरच हवे. दुकानदाराच्या बोलण्यावर शंका असेल तर तुकड्याची लांबी-जाडी मोजा, तो इंजिन ऑइलच्या बाटलीत टाकून चार दिवस उन्हात ठेवा आणि पुन्हा मोजा. फुगला तर तो ऑइलचा नाही.

पॅकिंग कापण्याची पद्धत

पहिले काम साफसफाईचे. जुने पॅकिंग खरवडताना एक काळजी घ्या: जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासू नका, पॉलिश पेपर किंवा ड्रिलवरचा तारेचा ब्रश लावू नका. ऑइल किंवा पाण्याने ओले करून बोथट पात्याने काढा, मास्क लावा आणि निघालेला चुरा ओल्या कागदात गुंडाळून बंद पिशवीत टाका. मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका. नवी शीट घेतानाही ॲस्बेस्टॉस नसलेली मागून घ्या. खरवडताना आत चुरा पडू नये म्हणून उघड्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबा आणि किती कोंबली ते मोजून ठेवा.

आता नक्षा. कव्हरच्या कडेला ग्रीसचा किंवा काळ्या ऑइलचा अगदी पातळ हात फिरवा आणि ते शीटवर दाबा. कडा आणि भोके उमटतात. ओतीव भागासाठी दुसरी जुनी युक्ती आहे: कागद थेट त्या भागावर धरून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकायचे. धारदार कडेवर कागद आपोआप कापला जातो. भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एक हलका ठोका दिला की गोल भोक पडते. ॲल्युमिनियमच्या भागावर मात्र हे करू नका, कड चेपते.

आधी बोल्टची भोके पाडा, मग आतली कड, सर्वात शेवटी बाहेरची कड. बाहेरून आधी कापले तर शीट हलते आणि भोके जुळत नाहीत. दोन भोके पाडून झाली की त्यात बोल्ट घालून शीट पक्की करा आणि मग बाकीची. भोके बोल्टपेक्षा किंचित मोठी ठेवा. भोकांसाठी पंच नसेल तर योग्य मापाच्या पाइपाच्या तुकड्याला कानशीने धार लावून तो वापरता येतो. खाली लाकडाचा ठोकळा घ्या, म्हणजे धार टिकते.

कॉर्क लहान पडला किंवा वळवताना तुटू लागला तर तो कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा. तो मऊ होतो आणि थोडा वाढतो. बसवण्याआधी पुसून कोरडा करा.

पत्रा सरळ करणे

बहुतेक जण हीच पायरी विसरतात आणि बहुतेक गळती इथूनच होते. वर्षानुवर्षे बोल्ट जोराने आवळल्यामुळे चेंबरच्या किंवा टॅपेट कव्हरच्या भोकांभोवतीचा पत्रा आत दबून वाटीसारखा झालेला असतो. मग बोल्टजवळ पॅकिंग चिरडते आणि दोन बोल्टच्या मध्ये फट राहते. कव्हर जाड काचेवर किंवा सपाट लाद्यावर उलटे ठेवून बघा, फट लगेच दिसते. कड लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून भोकांभोवतीचा भाग उलट बाजूने हलक्या हातोडीने सपाट करा.

आवळतानाही हेच लक्षात ठेवावे. याच अँबॅसिडरच्या घराण्यातल्या ब्रिटिश इंजिनांना हेडचे नट सुमारे 40 फूट-पौंडांनी आवळतात, टॅपेट कव्हरचे नट मात्र जेमतेम 4. म्हणजे लहान पाना, दोन बोटांचा जोर. मधून सुरुवात करून आलटून पालटून थोडे थोडे आवळा. इंजिन एकदा गरम होऊन गार झाल्यावर पुन्हा एकदा तपासा, तेव्हाही हलक्याच हाताने.

शेलॅक आणि सिलिकॉन किती लावायचे

कॉर्क फक्त कव्हरच्या बाजूला शेलॅकने चिकटवा आणि ब्लॉकच्या बाजूला ग्रीसचा हात द्या. पुढच्या वेळी टॅपेट सेट करताना कव्हर उघडले तर पॅकिंग फाटत नाही. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी पातळ थर पुरे.

सिलिकॉन हा ट्यूबमधला पदार्थ जपून वापरावा. जोडाच्या बाहेर जेवढे पुढे आलेले दिसते तेवढेच आतही आलेले असते. आतला तो तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत अडकला तर पंपाला ऑइल मिळत नाही आणि इंजिन जाम होते. चेंबरच्या दोन टोकांना, जिथे कॉर्कच्या सरळ पट्ट्या आणि अर्धगोल पट्ट्या एकमेकांना भेटतात, त्या चार कोपऱ्यांत मात्र वाटाण्याएवढा ठिपका हवाच. त्या पट्ट्यांची टोके जराशी वर राहू द्या, दाबली की ती घट्ट बसतात.

फिरणाऱ्या भागांची सीले

आतापर्यंतचे सगळे जोड स्थिर होते. फिरणाऱ्या शाफ्टला वेगळा विचार लागतो.

जुन्या इंजिनांत टायमिंग कव्हरच्या पुढे नमद्याची रिंग असे. ती घरी करता येते. लोकरीचा दाट नमदा घ्या, कृत्रिम धाग्याचा नको. धारदार पात्याने रिंग कापा, कोमट इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजवा आणि मग बसवा. कोरडा नमदा शाफ्टवर जळतो. कव्हर बसवताना आधी पुली घाला, कव्हर तिच्याभोवती नेमके मध्यावर आणा आणि मगच बोल्ट आवळा. कव्हर एका बाजूला सरकले तर नवे सीलही गळते. आत पत्र्याची ऑइल फेकणारी चकती असेल तर काढतानाच तिची बाजू खुणावून ठेवा.

काही इंजिनांत मागच्या बेअरिंगला ग्रॅफाइटची दोरी असते. तशी दोरी आणून खोबणीत गोल दांड्याने दाबत बसवावी आणि टोके पात्याने किंचित वर ठेवून कापावीत. पण त्यासाठी चेंबर आणि बेअरिंगची कॅप उघडावी लागते. पहिल्यांदा करताना जाणता मेस्त्री सोबत असावा.

रबरी ओठ आणि स्प्रिंग असलेले ऑइल सील घरी होत नाही आणि त्याची गरजही नाही. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते. गाडीचे नाव सांगून मिळाले नाही तरी मापे सांगून बेअरिंगच्या दुकानात मिळते. ओठ ऑइलच्या बाजूला ठेवा. शाफ्टवर जुन्या सीलने चर पाडला असेल आणि जागा असेल, तर नवे सील एक-दोन मिमी पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या भागावर टेकतो.

आता अँबॅसिडरच्या जुन्या इंजिनाबद्दल. 1489 सीसीच्या या तीन बेअरिंगच्या इंजिनात मागच्या बाजूला सील नसतेच. क्रँकवर स्क्रूसारखे आटे कोरलेले असतात आणि ते फिरताना ऑइल परत आत ओढतात. इंजिन थांबले की ओढणारे कोणी राहत नाही, आणि थोडे ऑइल ठिबकते. गाडी चढावर तोंड करून उभी केली तर जास्त. ही रचनाच तशी आहे. ब्रीदर साफ असेल, पातळी खुणेपेक्षा जास्त भरलेली नसेल आणि सकाळी एक-दोन थेंब दिसत असतील, तर गाडी निरोगी आहे असे समजावे. त्यासाठी इंजिन उतरवायला सांगणाऱ्याला आधी दोनदा विचारा.

तांब्याचे वॉशर

चेंबरच्या ड्रेन नटाखालचे तांब्याचे वॉशर दाबून दाबून कडक होते आणि मग थेंब सुटतो. ते गॅसच्या ज्योतीवर लाल करून पाण्यात टाका. लोखंड असे केल्याने कडक होते, तांबे मऊ होते. बारीक पॉलिश पेपरने पुसून पुन्हा वापरा. नट जोरात आवळून आटे घालवण्यापेक्षा हे पाच मिनिटांचे काम बरे.

काम झाल्यावर

ऑइल खुणेपर्यंत भरा, वर नको. या इंजिनांना 20डब्ल्यू-50 सारखे जाडसर ऑइल मानवते. गळती थांबवण्याच्या औषधी बाटल्या रबर फुगवतात. कॉर्क, कागद आणि नमद्यावर त्यांचा उपयोग नाही. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पावडर लावून बघा. काढलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. ते डब्यात साठवून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.

प्रत्येक पॅकिंग कापून झाल्यावर त्याच मापाचा एक नमुना जाड पुठ्ठ्यावर काढा. त्यावर भागाचे नाव, शीटची जाडी आणि तारीख लिहा आणि गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवून ठेवा. सामान मिळत नाही म्हणून गाडी काढायची पाळी येते तेव्हा हे पाच-सहा पुठ्ठे उपयोगी पडतात. ते कसे वापरायचे, हे घरातल्या धाकट्यांना एकदा हातात हातोडी देऊन दाखवून ठेवावे.